कीस

फॉर्मवर सातवा प्रश्न होता:
डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला आहे का?
मी 'हो' लिहिलं. मार्च त्र्याऐंशी,
अ‍ॅटरक्लिफच्या कारखान्यात, ग्राइंडरपाशी.
केन ऑक्सलीनं रुमालाच्या टोकानं काढला होता,
"रडू नकोस, गंजेल," म्हणाला होता.
एवढं सगळं नर्सनं लिहून घेतलं नाही.
डोळ्यांचा एक्स-रे काढला,
आत धातू नाही याची खातरजमा केली,
आणि मग
दंडातल्या शिरेतून
स्वतःच लोखंड सोडलं माझ्यात.

डॉक्टर अडेयेमी समजावत होती:
केसाच्या जाडीत हजार कण एका रांगेत बसतील, इतके बारीक.
प्रत्येकाच्या अंगावर पत्ता चिकटवलेला.
भटकत भटकत
तेवढ्याच बिघडलेल्या पेशींच्या दाराशी थांबतील.
थांबतील तिथे चित्र काळं पडेल.
"अजून अभ्यासच चाललाय, वचन देत नाही."

मी हसलो. तिला वाटलं, घाबरलाय.
घाबरलो होतोच.
पण बाई, हेच काम मी एकतीस वर्षं केलं,
या शेफील्डात हेच लोखंडाचे चणे खाल्ले.
कास्टिंगला पांढरा रंग फासायचा,
वीज सोडून त्याचं चुंबक करायचं,
वरून रॉकेलात कालवलेला काळा कीस ओतायचा.
धड पोलादावरून तो ओघळून जातो.
तडा असेल तिथे थबकतो,
आणि डोळ्याला न दिसणारी भेग
काजळाच्या रेघेसारखी उमटते.
केन म्हणायचा, कीस खोटं बोलत नाही.
बोलतो तो बघणारा.

तोच केन रात्री पाच-पाच वेळा उठायचा,
हे त्याच्या बायकोनं सांगितलं
तो गेल्यावर, सँडविच वाढताना.
एका बेंचवर एकोणीस वर्षं.
फुटबॉल बोललो, पेन्शन बोललो,
त्याच्या मुलीचं मोडलेलं लग्नसुद्धा.
लघवीचं कोण बोलतं?

मीही नाही बोललो.
न्हाणीच्या दाराची उघडझाप कुमुदनं मोजली,
माझ्या वतीनं फोन केला.
रक्तातला आकडा अकरा.

यंत्राच्या पोटात आडवा झालो.
धाड धाड धाड.
इथे म्हणे लोकांचा जीव गुदमरतो.
मला ड्रॉप-हॅमरची रात्रपाळी आठवली,
डॉनच्या काठी, जिथे आता मॉल आहे
नि पोरं आईस्क्रीम खात हिंडतात.
आणि तो शुक्रवार,
जो मी कुणालाच सांगितला नव्हता.
पाच वाजत आलेले. पंपाच्या कवचावर रेघ उमटली.
मी फडक्यानं पुसली.
पुन्हा कीस ओतला. पुन्हा उमटली.
पुन्हा पुसली.
तिसऱ्या वेळी केन मागे उभा होता.
बोलला काहीच नाही.
लाल खडू पुढे केला.

पडद्यावर आता माझं कवच.
करड्या धुक्यात, डावीकडे,
मोहरीएवढं काळं.
"पुन्हा एकदा काढून बघता का?"
ओठांवर आलेलं गिळलं.
"खडू आहे?" म्हणालो.
तिला कळलं नाही.

तपासलेला भाग पाठवण्याआधी
त्यातलं चुंबकत्व उतरवावं लागतं,
नाहीतर जाईल तिथला कीस ओढत राहतो जन्मभर.
हे मी बसमध्ये कुमुदला सांगत होतो.
ती खिडकीबाहेर बघत होती,
उतार संपेपर्यंत.

घरी आल्यावर तिनं फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं,
व्हिटबीच्या सहलीतलं, दीपगृहाचं,
आणि माझा स्वेटर वर करून
पोटाला लावून पाहिलं.
चिकटलं नाही.
पडलं, आणि फ्रिजखाली गेलं.

मग बराच वेळ आम्ही दोघं
गुडघ्यांवर, लाटणं घेऊन,
ते बाहेर काढत होतो.